सेवेतून शासन : माध्यमिक शाळेतील विद्यार्थिमंडळ आणि मार्गदर्शक शिक्षक

जून महिन्यात शाळा उघडल्या, की अनेक माध्यमिक शाळांतून विद्यार्थिमंडळाच्या निवडणुकीची तयारी सुरू होते. प्रत्येक वर्गातून प्रतिनिधी निवडले जातात. त्यांच्यातून मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री ठरतात. एखाद्या प्रतिष्ठित पाहुण्यांच्या हस्ते शपथविधी होतो आणि छातीवर बिल्ले लावलेल्या मुलामुलींचे छायाचित्र सूचनाफलकावर लागते. समारंभ नीटनेटका होतो. अडचण सुरू होते ती दुसऱ्या दिवसापासून. आरोग्यमंत्र्याने मंगळवारी सकाळी शाळेत आल्यावर नेमके काय करावयाचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याने काही केले नाही, तरी त्याला कोणी विचारीत नाही. दिवाळीच्या सुटीपर्यंत बिल्ले पेटीत जातात आणि मंडळाची आठवण थेट प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाच्या वेळी होते.

असे नाममात्र मंडळ असले तर बिघडले कोठे, असे पुष्कळांना वाटते. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील ही पहिली निवडणूक आणि हे पहिले पद असते. पद म्हणजे मान, पद म्हणजे बिल्ला, आणि निवडून आल्यानंतर कोणाला उत्तर द्यावे लागत नाही, असा धडा या वयात मिळाला, तर तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने पुसला जात नाही. आणखी चार-पाच वर्षांनी हीच मुले मतदार होणार असतात. उलट, आपण निवडून आलो म्हणून आपल्यावर एक काम आले, ते रोज करावे लागले आणि महिनाअखेर सर्वांसमोर उभे राहून त्याचा हिशेब द्यावा लागला, असा अनुभव ज्याने घेतला, त्याला लोकशाहीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. विद्यार्थिमंडळ सेवाभावी असावे असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ एवढाच आहे.

हे कसे साधावे, याचा विचार एखादी प्रत्यक्ष वस्ती डोळ्यांसमोर ठेवून केल्यास अधिक उपयुक्त ठरेल. त्यासाठी सुरत शहरातील कतारगामचे उदाहरण घेता येईल.

कतारगामची परिस्थिती

कतारगाम हा सुरतच्या उत्तर बाजूचा, तापी नदीच्या दक्षिण तीराजवळचा भाग. एके काळी हे शेतीचे गाव होते. येथील पापडीची सुरतच्या बाजारात ख्याती होती आणि हिवाळ्यातील उंधियूच्या निमित्ताने तिचे नाव आजही घेतले जाते. शहर वाढत गेले तसे शेतांच्या जागी औद्योगिक वसाहत, हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने, कापडावरील भरतकामाची यंत्रे आणि कामगारांची घरे आली. सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे येथे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. त्यांच्याबरोबरच देशाच्या इतर भागांतूनही माणसे आली.

खानदेशच्या लोकांना तर सुरत परके नाही. तापी नदी खानदेशातून वाहत येऊन सुरतेजवळ समुद्रास मिळते आणि तापी खोऱ्यातील लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर, जळगाव या गावांना सुरतेशी जोडतो. या मार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे रोजगारासाठी सुरतेस आली. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांतून गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी या माध्यमांतून शिक्षण दिले जाते, यावरून शहरातील लोकवस्तीची कल्पना यावी.

अशा वस्तीतील माध्यमिक शाळेपुढे काही विशेष प्रश्न असतात. आईवडील पाळीने कामाला जातात. त्यांना शाळेत येण्यास सवड नसते. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि रस्त्यावर तिसरी बोलली जाते. खोली बदलली, काम बदलले किंवा सणासाठी गावी गेले, की मूल काही दिवस शाळेत दिसत नाही. काही वेळा ते परत येतच नाही. वस्तीत पाणी कोठे तुंबते, कोणत्या गल्लीत तापाचे रुग्ण आहेत, कोणत्या मुलाने शाळा सोडून कारखाना धरला, या गोष्टी मुख्याध्यापकांच्या कानी येण्यापूर्वी वर्गातील मुलांना ठाऊक असतात. हे मुलांजवळचे ज्ञान शाळेच्या व वस्तीच्या उपयोगी पडावे, यासाठी विद्यार्थिमंडळासारखे दुसरे साधन नाही.

१९९४ चा धडा

सार्वजनिक कामात दैनंदिन लक्ष नसले तर काय होते, हे या परिसराने प्रत्यक्ष अनुभवले आहे. १९९४ च्या पावसाळ्यात सुरतेत अतिवृष्टी झाली. सखल भागांत पाणी साचले. मेलेली जनावरे आणि कचरा वेळेवर उचलला गेला नाही. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याचे वृत्त आले होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली. कतारगामला लागून असलेल्या वेडरोड भागास तिची विशेष झळ लागली. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि भीतीने काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांत गावाकडची आगगाडी धरणारी खानदेशी कुटुंबेही होती. 

त्यानंतर जे घडले तेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९५ साली श्री. एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला तेथील कामासाठी अधिकार दिले आणि त्याच वेळी जबाबदारही धरले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रोज सकाळी प्रत्यक्ष रस्त्यावर जाऊन सफाई पाहावी, तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत तिचा निकाल लावावा, आणि दुपारी एकत्र बसून आढावा घ्यावा, अशी शिस्त घालण्यात आली. थोड्याच अवधीत देशातील स्वच्छ शहरांत सुरतची गणना होऊ लागली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने सुरतेस पहिला क्रमांक मिळाला.

या बदलात कोणतीही जादू नव्हती. ठरलेले काम, ठरलेला माणूस, ठरलेली वेळ, कामापुरता अधिकार आणि रोजचा आढावा, एवढ्याच गोष्टी होत्या. शाळेचे विद्यार्थिमंडळ नेमके याच पाच गोष्टींवर उभे करावयाचे असते. शहराला जे संकटानंतर शिकावे लागले, ते शाळेतील मुलांना संकटाची वाट न पाहता शिकविता येते.

हरिपुरा आणि सेवाग्राम

ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. तिचा एक धागा सुरत जिल्ह्यातूनच जातो. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देण्याची योजना तेथे मांडली गेली. फेब्रुवारी १९३८ मध्ये तापीकाठच्या हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या काँग्रेस अधिवेशनात या योजनेस मान्यता मिळाली. त्यानुसार हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि श्री. आर्यनायकम् व श्रीमती आशादेवी आर्यनायकम् यांच्या देखरेखीखाली सेवाग्राम येथे नयी तालीमचे काम सुरू झाले.

सेवाग्रामच्या शाळेत मुलांची सभा असे आणि ती आपल्यातूनच मंत्री निवडीत असे. मंत्र्यांकडे सोपविलेली कामे नाममात्र नव्हती. स्वयंपाकघर, सफाई, आरोग्य, अशी ज्यांवर सर्वांचे रोजचे जगणे अवलंबून असे ती कामे त्यांच्याकडे असत. भोजनाची व्यवस्था पाहणाऱ्या मुलाने धान्याचा हिशेब चुकविला, तर त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी ताटात दिसे. मंत्र्यांची मुदत एक महिन्याची असे. महिना संपला की ते सभेपुढे आपल्या कामाचा अहवाल मांडीत, इतर मुले त्यांना प्रश्न विचारीत, आणि नंतर नवी निवड होई.

या पद्धतीतील दोन बाबी आजच्या कोणत्याही शाळेने घेण्यासारख्या आहेत. मुदत अल्प असल्यामुळे वर्षभरात पुष्कळ मुलांना जबाबदारीचा अनुभव मिळे. शिवाय पद जाताना हिशेब द्यावा लागत असल्याने, काम करणाऱ्यालाच पुन्हा मत मिळे.

स्वातंत्र्योत्तर काळात डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या आपल्या अहवालात विद्यार्थ्यांच्या स्वयंशासनाची शिफारस केली. आचारसंहिता विद्यार्थ्यांच्या मंडळांनीच तयार करावी व तिचे पालन करवून घ्यावे, असे आयोगाने सुचविले. पुढे डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने (१९६४-६६) समाजसेवा व राष्ट्रसेवा हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, असे प्रतिपादन केले. या दोन शिफारशी एकत्र वाचल्या, म्हणजे सेवाभावी विद्यार्थिमंडळाचे स्वरूप स्पष्ट होते.

अमळनेर व सातारा

मंडळ कितीही चांगले आखले, तरी त्यामागे एक शिक्षक लागतो. तो कसा असावा, याचे उदाहरण शोधण्यास सुरतेच्या मराठी माणसाला फार दूर जावे लागत नाही. तापी खोऱ्यातील त्याच लोहमार्गावर अमळनेर आहे. पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये तेथील हायस्कुलात शिक्षक झाले आणि नंतर त्यांच्याकडे छात्रालयाचे काम आले. मुले त्यांना गुरुजी म्हणत. छात्रालयातील मुलांच्या खोल्या अस्वच्छ असत, कपडे व अंथरुणे अस्ताव्यस्त पडलेली असत. सानेगुरुजींनी नियमांची यादी भिंतीवर लावली नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, कपडे धुऊन ठेवीत. काही दिवसांत मुलांना संकोच वाटू लागला आणि ती आपली कामे आपण करू लागली. गुरुजींनी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही चालविले. १९३० साली ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि छात्रालयातून बाहेर पडले. परंतु त्या सहा वर्षांत शिकलेल्या मुलांच्या मनावर जो संस्कार झाला, तो टिकला.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातिधर्मांची गरीब मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे स्वतःच्या हाताने करीत. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे ब्रीद तेथे मुलांच्या रोजच्या दिनक्रमात होते.

दोन्ही ठिकाणी मोठ्या माणसाने प्रथम स्वतः झीज सोसली आणि मग मुलांकडून अपेक्षा केली. विद्यार्थिमंडळाच्या मार्गदर्शक शिक्षकाची नेमणूक करताना ही कसोटी मुख्याध्यापकांनी विसरू नये. सेवाज्येष्ठतेने, किंवा तासिका कमी आहेत म्हणून हे काम एखाद्याच्या गळ्यात घालणे योग्य नव्हे. ज्या शिक्षकाकडे मुले आपणहून अडचण घेऊन जातात, त्यालाच हे काम द्यावे. आणि ते दिल्यावर त्याच्या इतर कामाचा भार तेवढा हलका करावा.

मार्गदर्शक शिक्षकाचे काम

मार्गदर्शक शिक्षकाकडून दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिली चूक म्हणजे सर्व काही स्वतःच ठरविणे. सभेचा विषय शिक्षक देतो, ठराव शिक्षक लिहितो, मुले हात वर करतात. दुसरी चूक म्हणजे मुलांवर सारे सोपवून बाजूला होणे. अनुभव नसलेली मुले पहिल्याच भांडणात थकतात आणि मंडळ बंद पडते. या दोहोंच्या मधला मार्ग असा, की कामाची सीमा शिक्षकाने आखावी आणि सीमेच्या आतील निर्णय मुलांनी घ्यावा. तो निर्णय शिक्षकाला फारसा पसंत नसला, तरी धोकादायक नसेल तर अमलात येऊ द्यावा. चूक झाल्यास ती पुढच्या सभेत मुलांच्याच लक्षात येते.

शिक्षकाचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र मुलांच्या बाजूचे नसून शाळेच्या बाजूचे आहे. समजा, आठवीच्या वर्गप्रतिनिधी मुलीने पाहणी करून सभेत सांगितले, की पिण्याच्या पाण्याची टाकी तीन महिन्यांत धुतली गेलेली नाही. मंडळाने ठराव करून तो मुख्याध्यापकांकडे पाठविला. आता त्या ठरावाचे काय होते, यावर मंडळाचे सारे भवितव्य अवलंबून आहे. ठराव कपाटात गेला, तर मुले पुढील सभेस येतील, पण मनातून मंडळ संपलेले असेल. त्याऐवजी, मंडळाच्या प्रत्येक ठरावास मुख्याध्यापकांनी आठ दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे, असा नियम असावा. उत्तर ‘होय’ असेलच असे नाही. ‘पैसे नाहीत, पुढील तिमाहीत करू’, किंवा ‘हे काम महापालिकेच्या कक्षेत आहे, तुमच्या पत्रासोबत आम्ही आमचे पत्र जोडीत आहोत’, असेही उत्तर चालेल. नकार कारणासह मिळाला, तर मुले तो समजून घेतात. उत्तरच न मिळणे मात्र त्यांना समजत नाही. हा नियम पाळला जावा यासाठी मुख्याध्यापकांच्या टेबलाशी जाऊन उभे राहणे, हे मार्गदर्शक शिक्षकाचे काम आहे.

कामे कोणती असावीत

मंडळाची खाती थोडी असावीत आणि प्रत्येक खात्याकडे रोज किंवा आठवड्याला करावयाचे एक निश्चित काम असावे. कतारगामसारख्या वस्तीतील शाळेस पुढील कामे सहज हाती घेता येतील.

पाणी व डासनियंत्रण : डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी, कुंड्यांखालच्या बशा, शीतकांचे कप्पे, गच्चीवरील टायर रिकामे करून कोरडे ठेवले, तर पैदास थांबते. आरोग्यमंत्र्याने दर शनिवारी आपल्या सोबत्यांसह शाळेची फेरी करावी आणि पाणी कोठे आढळले, ते वहीत लिहावे. प्रत्येक मुलाने हेच काम आपल्या घरी करावे. एका शाळेची पाचशे मुले म्हणजे पाचशे घरे, हा हिशेब लक्षात घेतला म्हणजे या लहानशा फेरीचे मोल कळते.

उपस्थिती : जो सोबती तीन दिवस आला नाही, त्याची चौकशी वर्गप्रतिनिधीने त्याच्या शेजारच्या मुलांकडून करावी आणि चौथ्या दिवशी वर्गशिक्षकांना सांगावे. आजार, गावी जाणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, कामाला लागणे, यांपैकी कारण कोणते, हे लवकर कळले तर मूल परत आणता येते. महिन्याने कळले, तर बहुधा उशीर झालेला असतो. सेवाभावी मंडळाचे एवढे एकच काम नीट झाले आणि वर्षात दोन मुलींचे शिक्षण सुटता सुटता वाचले, तरी मंडळ सार्थकी लागले असे म्हणावे.

भाषासाहाय्य : नव्याने दाखल झालेल्या, गुजराती न येणाऱ्या मुलास दोन महिने एक जोडीदार द्यावा. मधल्या सुटीत अर्धा तास त्याने सोबत बसावे. कार्यालयातील सूचना व पालकसभेची पत्रे मंडळातील मुलांनी पालकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावीत. 

सुरक्षितता : २४ मे २०१९ रोजी सुरतच्या सरथाणा भागातील एका व्यापारी इमारतीस आग लागून तेथील शिकवणी वर्गाचे बावीस विद्यार्थी मृत्युमुखी पडले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा शहरात जिने मोकळे आहेत ना, बाहेर पडण्याच्या दाराला कुलूप नाही ना, अग्निशामक नळकांड्याची मुदत संपली नाही ना, हे दर सोमवारी पाहणारा सुरक्षामंत्री प्रत्येक शाळेत असणे अगत्याचे आहे. वर्षातून दोनदा इमारत रिकामी करण्याचा सराव अग्निशमन दलाच्या मार्गदर्शनाखाली घ्यावा. किती मिनिटांत सर्व वर्ग मैदानात आले, ते मंडळाने नोंदवावे आणि पुढच्या वेळी वेळ कमी करावी.

निवडणूक आणि हिशेब

निवडणूक गुप्त मतदानानेच व्हावी. मतपत्रिका, मतदारयादी, शाई, मतमोजणी हे सर्व मुलांनी स्वतः हाताळावे, म्हणजे नागरिकशास्त्राचा तो पाठ वेगळा शिकवावा लागत नाही. भित्तिपत्रके, भेटवस्तू, घोषणा यांस मनाई असावी. उमेदवार होऊ इच्छिणाऱ्याने निवडणुकीपूर्वी पंधरा दिवस वरीलपैकी कोणत्याही एका कामात भाग घ्यावा, अशी अट घातल्यास केवळ बिल्ल्यासाठी उभे राहणाऱ्यांची संख्या आपोआप घटते. वर्गातून एक मुलगा व एक मुलगी असे दोन प्रतिनिधी असावेत.

मुदत तीन महिन्यांपेक्षा अधिक नसावी. मुदत संपताना प्रत्येक मंत्र्याने सर्व शाळेसमोर पाच मिनिटे बोलावे : काय ठरविले होते, काय झाले, काय राहिले. प्रश्न विचारण्याचा हक्क पाचवीच्या मुलालाही असावा. त्यानंतर कामाची वही नव्या मंत्र्याच्या स्वाधीन करून दोघांनी सही करावी. वर्षाअखेरीस या वह्या एकत्र ठेवल्या, की शाळेपाशी आपल्या वस्तीची अशी माहिती जमते, जी अन्यत्र कोठेही लिहिलेली नसते.

पाळावयाच्या मर्यादा

सेवेच्या नावाखाली मुलांवर अन्याय होऊ नये, याची दक्षता घेणे आवश्यक आहे. सफाईचे काम पाळीपाळीने सर्वांनी करावे. विशिष्ट जातीच्या मुलांना झाडू आणि इतरांना देखरेख, किंवा मुलींना केरवारा आणि मुलांना मैदान, अशी वाटणी जेथे होते, तेथे मंडळ नसलेले बरे. शिक्षकांनीही पाळीत आपले नाव घालावे. पुराच्या पाण्यात उतरणे, औषधफवारणी, विजेची दुरुस्ती, मैलासफाई ही कामे मुलांना कदापि देऊ नयेत. अभ्यासाचा तास मंडळाच्या कामासाठी बुडू नये.

दंड करण्याचा अधिकार मंडळास नसावा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली आहे. ती मोठ्यांप्रमाणेच वर्गमंत्र्यांनाही लागू समजावी. बेशिस्त वर्तनाबाबत मंडळाने समजूत घालावी व ती पुरेशी न झाल्यास वर्गशिक्षकांस कळवावे. मोठी रक्कम मुलांच्या हाती देऊ नये. लहान रकमेचा जमाखर्च मात्र त्यांनीच लिहावा आणि फलकावर लावावा.

ग्रामस्थ, पालक व अधिकारी यांचे साहाय्य

हे काम केवळ शहरी शाळांचे नाही. खेड्यातील शाळेत टाकीच्या जागी विहीर किंवा हातपंप असेल, भरतकामाच्या कारखान्याच्या जागी ऊसतोड किंवा वीटभट्टी असेल. मुलांची गैरहजेरी आणि साचलेले पाणी तेथेही आहेच. ग्रामपंचायतीने वर्षातून एक ग्रामसभा अशी ठेवावी, की जिच्यात शाळेच्या मंडळाने आपल्या वहीतील नोंदी वाचून दाखवाव्यात. सरपंच व ग्रामसेवक यांनी तेथल्या तेथे उत्तर द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मंडळाचे ठराव हा एक नियमित विषय असावा. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी शाळातपासणीच्या वेळी शपथविधीची छायाचित्रे न पाहता कामाच्या वह्या पाहाव्यात; आरोग्य व अग्निशमन विभागांच्या अधिकाऱ्यांनी मुलांच्या पत्रास इतर नागरिकांच्या पत्राइतकेच महत्त्व द्यावे.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्कविषयक करारातील बाराव्या अनुच्छेदाने, स्वतःशी संबंधित बाबींत आपले मत मांडण्याचा मुलांचा हक्क मान्य केला आहे. भारत १९९२ साली या करारात सामील झाला. मत मांडण्याचा हक्क आणि काम करण्याची जबाबदारी ही दोन्ही एकाच वेळी शिकविणारे ठिकाण म्हणजे विद्यार्थिमंडळ होय.

येत्या जूनमध्ये ज्या शाळा मंडळाची निवडणूक घेणार असतील, त्यांनी बिल्ल्यांची मागणी नोंदविण्यापूर्वी चार कोऱ्या वह्या आणाव्यात. त्यांवर पाणी, उपस्थिती, भाषा व सुरक्षितता अशी नावे घालावीत. कोणती वही कोणी, किती वाजता व कोणाच्या सहीने भरावयाची, हे पहिल्या पानावर लिहून ठेवावे. मुख्याध्यापकांनी आठ दिवसांत उत्तर देण्याच्या नियमाखाली आपली सही करावी. एवढी तयारी झाली, म्हणजे निवडून आलेल्या आरोग्यमंत्र्याला मंगळवारी सकाळी काय करावयाचे, हे विचारावे लागणार नाही.